‘छान आहे’ला दहा रुपये दंड : मिरजेतल्या कथा-कट्ट्याच्या नोंदी

माझं मिरजेत औषधांचं दुकान आहे. साहित्याशी संबंध म्हणजे दुपारी गिऱ्हाईक नसताना काउंटरमागे बसून वाचणं, एवढाच. २०२४मध्ये आम्ही एक कथा-कट्टा सुरू केला. दर महिन्याला आजच्या लेखकांचं काहीतरी वाचायचं आणि आपण लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवायचं. त्या वर्षाची ही वही. आणखी कुठं कुणी असं काही करणार असेल तर त्यांनी आमच्या चुका पुन्हा करू नयेत, नव्या कराव्यात. पैशांचे आकडे लपवलेले नाहीत. माणसांची नावं गाळली आहेत. नंतर कळलेल्या गोष्टी कंसात आहेत.

२१ जानेवारी २०२४, रविवार

संक्रांतीला औदुंबरच्या साहित्य संमेलनाला चौघं गेलो होतो: मी, बँकेतून निवृत्त झालेले काका, हायस्कुलात मराठी शिकवणारे सर आणि हॉस्पिटलातल्या सिस्टर. परत येताना भिलवडी मागं पडल्यावर एसटीत विषय निघाला, की गेल्या दहा वर्षांत छापलेली मराठी कादंबरी आपल्यापैकी कुणी वाचलीय? काकांनी ‘कोसला’चं नाव घेतलं. ती १९६३ची. सर खिडकीतून ऊस बघत बसले. मी कॉलेज सुटल्यापासून दिवाळी अंक सोडून काही वाचलेलं नव्हतं. आणि ‘हल्ली काही बरं लिहिलं जात नाही’ हे वाक्य चौघांच्याही तोंडात कायमचं.

सिस्टर म्हणाल्या, “न वाचताच कळलं होय आपल्याला?”

ठरलं ते असं: दर महिन्याचा दुसरा रविवार, संध्याकाळी पाच. एक नवं पुस्तक आणि आपल्यातल्याच कुणाची तरी एक कथा. वर्गणी माणशी पन्नास. सिस्टरांना सकाळपाळीला लवकर उठावं लागतं, त्यामुळे साडेसातला संपवायचंच. (वर्षभर मोडली नाही अशी ही एकच अट.)

११ फेब्रुवारी

पहिली बैठक. जेवढं चुकता येईल तेवढं चुकलो.

हॉलचं भाडं ७००. पाठीमागं लावायला फ्लेक्स ४००. शाल, श्रीफळ, पुष्पगुच्छ ६५०. पंचवीस जणांचा चहा-बटाटेवडा ७५०. एकूण २,५००. तेवीस माणसं आली, अठरांनी वर्गणी दिली, म्हणजे जमा ९००. वरचे १,६०० माझ्या गल्ल्यातून गेले.

प्रमुख पाहुणे बोलवायची कल्पना माझीच. पाहुण्याशिवाय कार्यक्रम कसा करायचा, हेच सुचेना. पाहुणे पन्नास मिनिटं बोलले, त्यातली चाळीस वाचनसंस्कृती कशी लयाला चाललीय यावर. प्रास्ताविक झालं, परिचय झाला, सत्कार झाला, मनोगत झालं, आभार झाले. कथा राहिली. सव्वासातला सिस्टरांनी पर्स उचलली, माझ्याकडे बघून नुसती मान हलवली आणि गेल्या. एक पोरगा मागच्या रांगेत वही मांडीवर घेऊन बसला होता. कुरिअरचा टी-शर्ट अंगावर. त्याला कुणी विचारलंच नाही, तू काय आणलंयस म्हणून.

रात्री दुकान बंद करताना वहीत लिहिलं: पाहुणे नको, फ्लेक्स नको, हॉल नको. सतरंजी.

१० मार्च

काकांच्या घरी, अकरा जण. पुस्तक निवडलं सरांनी, रंगनाथ पठारे यांचं ‘सातपाटील कुलवृत्तांत’. सातशेवर पानं. सरांचं म्हणणं, नवं वाचायचं तर दणदणीत वाचू.

मी दुकानात दिवसाला पंधरा पानं वाचते. तीस दिवसांची झाली साडेचारशे. हा भागाकार पुस्तक निवडायच्या आधी करायचा असतो, हे मला बरीच पानं शिल्लक राहिल्यावर सुचलं. अकराजणांत मिळून प्रती तीन. एक वाचनालयातली, ती एकाकडेच महिनाभर. पुस्तकावर बोलायचं म्हणून बसलो आणि पहिल्या शंभर पानांवरच घोटाळत राहिलो.

अख्खं पुस्तक वाचलेली व्यक्ती एकच निघाली: काकांची सून. ती कट्ट्यात नव्हतीच, चहा घेऊन आली होती. ट्रे ठेवता ठेवता म्हणाली, “त्याचं उत्तर पुढं येतंय की, अजून तिथवर कुणी गेलं नाही वाटतं.” पुढच्या महिन्यापासून ती सतरंजीवर बसली. चहा काकांनी केला. पहिले दोन महिने तो पिववत नव्हता.

वाचनालयातल्या बाईंना विचारलं होतं, नवी कादंबरी का घेत नाही? त्यांनी रजिस्टर उघडून दाखवलं. नव्या कथासंग्रहांच्या रकान्यात घेऊन जाणाऱ्यांच्या सह्याच नाहीत. कुणी नेत नाही म्हणून घेत नाहीत, घेत नाहीत म्हणून कुणी नेत नाही. आम्ही सहा जणांनी त्याच दिवशी सभासद होऊन पाच नवी पुस्तकं मागणीच्या वहीत लिहिली. (पाचांपैकी तीन जूनपर्यंत आली. मागणीची वही ही खरोखर असते आणि तिच्यात लिहिलेलं कुणीतरी वाचतं, एवढं लक्षात ठेवा.)

नियम: एका महिन्याला दोनशे पानांच्या आतलं पुस्तक, नाहीतर एकच कथा.

२१ एप्रिल

दुसरा रविवार १४ तारखेला आला होता, म्हणजे आंबेडकर जयंती. निम्मी माणसं मिरवणुकीच्या तयारीत. तारखा ठरवताना भिंतीवरचं कॅलेंडर बघायचं सुचलं नाही. आठवडाभर पुढं ढकललं.

जागाही बदलली. सतार-तंबोरे करणारे एक चाचा माझ्याकडे रक्तदाबाच्या गोळ्या न्यायला येतात. म्हणाले, “इतवारी संध्याकाळी कारखाना रिकामाच असतो. या, बसा. वाद्यांना हात नाही लावायचा फक्त.” छताला भोपळे टांगलेले, कोपऱ्यात तून लाकडाचा भुसा, लाखेचा वास. मिरजेच्या सतारीला-तंबोऱ्याला नुकतंच भौगोलिक मानांकन मिळालं, त्याचं विचारलं तर म्हणाले, “कागद आला. गिऱ्हाईक आलं की सांगतो.”

आज पहिल्यांदा मोठ्यानं वाचन. आसाराम लोमटे यांचा ‘आलोक’, साहित्य अकादमी मिळालेला (२०१६), त्यातली एक कथा. परभणीकडची बोली आमच्या कृष्णाकाठच्या जिभेवर चढेना. पहिली दोन पानं अडखळलो, लोक हसले, मग बोलीची चाल सापडली. मनातल्या मनात वाचताना ही बोली मी नुसती ओलांडून गेले असते.

घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला ११५ शब्द होतात. आपल्याकडे दिवाळी अंकांनी लेखकांना ऐसपैस लिहायची मुभा दिली, त्यामुळे मराठी कथा आठ-दहा हजार शब्दांची सहज असते. म्हणजे सव्वा ते दीड तास नुसतं वाचन. चर्चा कधी करणार? आम्ही कमाल चाळीस मिनिटं ठरवली, साडेचार हजार शब्द. मोठी कथा असेल तर पहिला अर्धा भाग घरी वाचून यायचा, उरलेला इथं. वाचणारे तीन, आळीपाळीनं, कारण पंधरा मिनिटांनी कुणाचाही घसा बसतो.

चाचा कोपऱ्यात घोडीला, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीला, कानस मारत ऐकत होते. शेवटी म्हणाले, “वाचणाऱ्याला कुठं दम लागतो ते बघा. तिथं लिहिणाऱ्यालापण लागला असेल.”

१२ मे

मतदानाची ड्यूटी करून आलेले सर अजून पेंगत होते. आठ जण.

सिस्टरांनी आपली कथा वाचली. रात्रपाळी, जनरल वॉर्ड, एका म्हाताऱ्याचा नातेवाईक म्हणून कुणीतरी भलताच माणूस येऊन बसतो आणि सकाळी निघून जातो. चौदा मिनिटं. वाचताना त्यांचा कागद थरथरत होता.

मग आम्ही सातजण एकापाठोपाठ म्हणालो, छान आहे. छान उतरलीय. अनुभव छान मांडलाय. काका म्हणाले, लिहीत राहा. चहा आला.

रात्री साडेदहाला सिस्टरांचा फोन. “कुणी ऐकली नाही ना?”

ऐकली होती. पण सांगायची सवय नव्हती. आपल्याकडे घरी केलेल्या पुरणपोळीला जे म्हणायचं तेच आपण कथेला म्हणतो, कारण समोरच्याच्या मनाला लागू नये. मी दोन दिवस याच्यावर विचार केला आणि तीन नियम फोनवरून सगळ्यांना कळवले.

‘छान’, ‘मस्त’, ‘भिडलं’ म्हटलं की दहा रुपये चहाच्या डब्यात. प्रत्येकानं निदान एका वाक्यावर बोट ठेवून बोलायचं. सगळ्यांचं होईपर्यंत लेखकानं तोंड उघडायचं नाही, खुलासा तर नाहीच.

तिसरा नियम सगळ्यांत अवघड. “मला तिथं असं म्हणायचं होतं” हे वाक्य लेखकाच्या ओठावर येतंच. ते म्हणायचं होतं तर लिहायला हवं होतं.

९ जून

नियमांचा अतिरेक झाला. जयंत पवार यांच्या ‘फिनिक्सच्या राखेतून उठला मोर’मधल्या कथेवर आधी बोललो, ते चांगलं झालं. चहा-गाडीवाले मामा आले होते. त्यांचे वडील लालबागला गिरणीत, १९८२च्या संपानंतर बिऱ्हाड गुंडाळून गावी आलेले. मामांनी पुस्तकाबद्दल एक शब्द काढला नाही. वडिलांनी येताना काय काय सामान आणलं होतं ते सांगितलं: स्टो, पाट, पितळी डबा आणि गिरणीचा पास, जो पुढं पंधरा वर्षं देव्हाऱ्यात होता. वीस मिनिटं कुणी हललं नाही.

मग कुरिअरवाल्या पोरानं कथा वाचली. फेब्रुवारीतली तीच वही. पार्सल घेऊन एका बंगल्याच्या दारात उभं राहणं, आतून येणारे आवाज, ओटीपी. आम्ही नव्या नियमांचं बळ लावून तुटून पडलो. सरांनी वही मागून घेतली आणि लाल पेनानं ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्त केले. नऊ मिनिटांच्या कथेवर पस्तीस मिनिटं. पोरगा नियमाप्रमाणे गप्प होता. संपल्यावर “येतो” म्हणाला आणि जुलैत आला नाही.

चूक सरांची म्हणून मोकळं होता आलं असतं. पण वही सरांच्या हातात मीच दिली होती.

बदल केला तो असा: बोट ठेवायच्या आधी, ऐकणाऱ्यांपैकी एकानं कथा तीन वाक्यांत परत सांगायची. मत नाही, फक्त काय घडलं ते. ही युक्ती वर्षभरात सगळ्यांत जास्त कामाला आली. सिस्टरांची कथा काकांच्या सुनेनं परत सांगितली तेव्हा त्यातला भलता माणूस हा म्हाताऱ्याचा मुलगाच आहे, असं तिनं सांगून टाकलं. सिस्टरांचे डोळे मोठे झाले. त्यांच्या डोक्यात तसं नव्हतंच. कुठल्या वाक्यानं तसं झालं हे शोधलं, तर ते पहिल्याच परिच्छेदात सापडलं: “त्याच्यासारखंच नाक.” ओळ काढली, काम झालं. पेन लाल असो की निळं, लिहिणाऱ्याच्या कागदाला दुसऱ्यानं लावायचं नाही, हाही नियम त्याच दिवशी.

१४ जुलै

जूनमध्ये देवीदास सौदागर यांच्या ‘उसवण’ला अकादमीचा युवा पुरस्कार जाहीर झाला. तुळजापूरचे, स्वतः शिवणकाम केलेले लेखक, आणि कादंबरी शिंप्याच्या घराची. रेडिमेड कपडे आल्यावर हातातलं काम कसं सुटत जातं, ते. चार प्रती मागवल्या, यायला अकरा दिवस लागले, तोवर बैठक तोंडावर आलेली. पुरस्कार जाहीर झाला की लगेच पुस्तक हातात पडेल या भ्रमात राहू नका. महिना धरा.

माझ्या दुकानाशेजारी ब्लाऊज शिवणाऱ्या काकू आहेत. सातवीपर्यंत शिकलेल्या. मी पुस्तक त्यांच्या मशीनवर ठेवून आले, येतील अशी अपेक्षा नव्हती. आल्या. आणि बोलायला लागल्या त्या थांबेचनात. लग्नसराईत किती रात्री, गिऱ्हाईक शिलाईचे पैसे कसे तुंबवतं, कापड उरलं की गिऱ्हाइकाचा संशय. सर म्हणाले, आता उसवणे या क्रियेचा प्रतीकात्मक अर्थ पाहता... काकू मध्येच म्हणाल्या, “अवो सर, उसवायला शिवण्यापेक्षा जास्त येळ लागतोय. टाका तेवढाच तोडायचा आन् कापडाला भोक पडू द्यायचं न्हाई. ब्लेड धरून बघा एकदा.”

त्यानंतर कुणाचं लिखाण दुरुस्त करताना आमच्यात “भोक पाडू नका” हा शब्दप्रयोगच झाला. काकूंना लिहा म्हटलं तर म्हणाल्या, “मला कुठलं येतंय.” मी म्हटलं, आत्ता बोललात ते लिहा. वही आणि पेन दुकानातून दिलं.

कुरिअरवाल्या पोराला भेटायला मी गुरुवारी त्यांच्या गोडाऊनवर गेले. तो आधी ओळखच देईना. मग म्हणाला, “मॅडम, शुद्धलेखन येत असतं तर कुरिअर कशाला टाकलं असतं?” मी माफी मागितली. येतो म्हणाला नाही, येत नाही असंही म्हणाला नाही.

११ ऑगस्ट

जुलैअखेर कृष्णेला पाणी चढलं तेव्हा सगळ्यांच्या डोक्यात २०१९चा महापूर. सांगलीतल्या दोघांनी पुस्तकं माळ्यावर टाकली होती, ती काढायची राहिलीत.

पुस्तक: कृष्णात खोत यांचं ‘रिंगाण’. धरणानं उठवलेल्या गावातला माणूस मागं राहिलेल्या म्हशीला शोधायला परत जातो. काकांचं आजोळ कोयनेच्या पाण्याखाली गेलेलं. ते म्हणाले, आमच्या घरात माणसांच्या आठवणी खूप सांगितल्या गेल्या, जनावरांचं काय झालं हे मी कधी विचारलंच नाही. आईला विचारायला हवं होतं. एवढं बोलून कप गोळा करायला उठले.

इथं एक लाजिरवाणी नोंद. प्रती कमी पडल्या म्हणून मी पहिली चाळीस पानं झेरॉक्स करून वाटली. झेरॉक्सवाल्यानंच विचारलं, “पुस्तक मिळत नाही काय?” मिळत होतं. जिवंत लेखकाचं पुस्तक फुकट वाटायचं आणि वर मराठी लेखकाला पैसे मिळत नाहीत म्हणून हळहळायचं, हे बरोबर नाही. तेव्हापासून महिन्याला दोन-तीन प्रती वर्गणीतून विकत घ्यायच्या, आठवडा-आठवडा फिरवायच्या, आणि वर्षाअखेर कट्ट्यातच अर्ध्या किमतीला लिलाव करायचा असं ठरलं. झेरॉक्स फक्त आपापल्या कथांची, ओळींना क्रमांक टाकून. ओळींचे क्रमांक ही बारीक गोष्ट वाटते, पण “ते खाली कुठंतरी तुम्ही म्हटलंय ना” यात जाणारा वेळ वाचतो.

पोरगा आला. साडेसहाला, हेल्मेटसकट. सर उठले आणि त्याला स्वतःशेजारी जागा करून दिली. कुणी काही बोललं नाही.

८ सप्टेंबर

गणपतीचा दुसरा दिवस. तीन जण आलो. कॅलेंडर बघायचा धडा एप्रिलमध्येच मिळाला होता, तरी. चाचांनी नव्या तंबोऱ्याची जवारी, म्हणजे घोडी घासून आणलेली सुराची गुंज, काढून ऐकवली. तो सूर सुटेपर्यंत त्यांनी तेवीस वेळा घोडी काढून घासली, मी मोजत होते. बाकी काही नाही.

१३ ऑक्टोबर

मराठीला अभिजात दर्जा (३ तारखेला), पाठोपाठ दिल्लीच्या संमेलनाच्या अध्यक्षपदी सांगलीच्या ताराबाई भवाळकर. पहिली चाळीस मिनिटं यातच गेली. आनंदाचीच गोष्ट, तक्रार नाही, पण एकाची कथा राहिली.

राहिलेल्या वेळात ठरलं की आपल्या कथांची एक पुस्तिका काढायची. काकांना दिवाळी अंक हवा होता. दिवाळी अठरा दिवसांवर. संपादक मंडळी उन्हाळ्यापासून लेखकांच्या मागं लागतात ते उगीच नाही. जानेवारीत काढू म्हटलं. कथा जास्तीत जास्त दोन हजार शब्द, मजकूर १० नोव्हेंबरपर्यंत. प्रत्येक कथा कट्ट्यात एकदा तरी वाचलेली असली पाहिजे.

१० नोव्हेंबर

नऊ जण देणार होते. सहा आल्या. (दोन आणखी मागाहून आल्या, एक आलीच नाही, आणि आजही “शेवट जुळत नाही” असंच उत्तर मिळतं.)

आलेल्या सहा कशा होत्या ते सांगते, कारण पुढचा सगळा वेळ इथंच गेला. दोन हातानं लिहिलेल्या. एक व्हॉट्सॲपवर सत्तेचाळीस तुकड्यांत, मधेमधे गुड मॉर्निंग. एक नीट युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तशीच दिसणारी, ती काकांच्या सुनेची. एक सरांनी शाळेच्या जुन्या कॉम्प्युटरवर जुन्या फॉन्टमध्ये केलेली. आणि एक चहावाल्या मामांनी मोबाइलला बोलून लिहवलेली.

मामांची कथा उघडली तर पूर्णविराम एकही नाही, आणि मोबाइलनं त्यांची सगळी बोली पुण्याची करून टाकलेली. ‘न्हाई’चं ‘नाही’, ‘व्हतं’ कुठं ‘होतं’ तर कुठं ‘वोट’. मामांना वाचून दाखवली तर ते हसले, “हे कोण बोलतंय?” शेवटी गाडी बंद झाल्यावर रोज रात्री अर्धा तास त्यांनी सांगायचं आणि मी टाइप करायचं, असे चार दिवस लागले. बोलून लिहायची सोय पहिल्या खर्ड्यापुरती ठीक आहे. बोलीतल्या कथेला ती उपयोगाची नाही.

२४ नोव्हेंबर

सरांची फाइल. माझ्या लॅपटॉपवर उघडल्यावर इंग्रजी अक्षरं, कंस आणि टक्क्यांची खूण असा नुसता कचरा. जुन्या मराठी फॉन्टमध्ये काना, मात्रा, अर्धी अक्षरं ही इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असतात. तो फॉन्ट नसला की खालचं इंग्रजी उघडं पडतं. फॉन्ट मिळवला, मग युनिकोडमध्ये बदलायला रूपांतरक वापरला. ऐंशी टक्के आलं. उरलेल्या वीस टक्क्यांनी जीव खाल्ला. रफार एक अक्षर पुढं, वेलांट्या उलट बाजूला, ‘क्ष’च्या जागी चौकोन. तीन संध्याकाळी, मिळून नऊ तास, आणि तरी ‘सूर्य’चं काय झालं होतं ते इथं लिहीत नाही.

चौथ्या दिवशी सगळं पुसलं आणि नव्यानं टाइप केलं. चार तास. चौदा पानांच्या मजकुराला रूपांतराच्या नादी लागू नका.

८ डिसेंबर

मुद्रितं, म्हणजे छापायच्या आधी तपासायची पानं, आली आणि भांडण झालं.

तपासायला सरांकडे दिली होती, कारण आमच्यात तेच जाणते. त्यांनी मन लावून तपासली. काकूंच्या कथेत सासू म्हणते, “आगं, तुझ्या हाताला काय मुंग्या आल्यात व्हय?” ते झालं, “अगं, तुझ्या हाताला काय मुंग्या आल्या आहेत का?” अशी सोळा वाक्यं. काकूंनी मुद्रित हातात घेतलं, वाचलं, आणि शांतपणे म्हणाल्या, “सर, तुमी भोक पाडलं.”

सरांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. त्यांनी तीस वर्षं पोरांच्या वह्या तपासल्यात. त्यांच्या मते छापील अक्षराला शिस्त हवी, आणि काकूंनी एकाच पानावर ‘व्हय’, ‘होय’ आणि ‘व्हंय’ असं तीन प्रकारे लिहिलं होतं, हे खरंच होतं. तासभर वाद. तोडगा काकांच्या सुनेनं काढला: प्रत्येक कथेची वेगळी शब्दयादी. लेखकानं ठरवायचं की आपण ‘व्हय’ लिहिणार की ‘व्हंय’, आणि मग कथाभर तेच. सरांनी नियम तपासायचा नाही, यादी तपासायची. सरांना हे पटलं, एवढं की त्यांनी आठही याद्या सुवाच्य अक्षरात स्वतः केल्या. मामांच्या कथेत तर निवेदनही बोलीतच होतं. ते तसंच ठेवलं.

एक तांत्रिक गोष्ट लिहून ठेवते: ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यातला अर्धा र नुसता र आणि हलन्त (अक्षराचा पाय मोडायची खूण) वापरून लिहिला तर ‘दुसर्या’ असं डोक्यावर रफार घेऊन छापून येतं. खाली टिंब असलेला ‘ऱ’ घ्यावा लागतो. आठ कथांत असे बासष्ट निघाले. शोधून बदलले.

२२ डिसेंबर

छपाई. दीडशे प्रती, मधोमध पिन मारलेल्या, मुखपृष्ठासकट प्रतीला ४२ रुपये. एकूण ६,३००. नमुना प्रतीचे १३० वेगळे.

नमुना प्रत मागितली म्हणून वाचलो. मधे पिन मारायच्या पुस्तिकेची पानं चारच्या पटीत लागतात, आमची ६२ भरली होती. उरलेली दोन कोरी पानं मी फाइलमध्ये चुकीच्या ठिकाणी घातली. ती आली सिस्टरांच्या कथेच्या मधोमध, म्हातारा डोळे मिटतो तिथं. बघणाऱ्या दोघांना ते मुद्दाम केलंय असं वाटलं आणि आवडलंही. सिस्टर म्हणाल्या, पानं काढा, तो मरत नाही.

कोरी पानं शेवटी नेली, ‘टिपणासाठी’ असं छापून.

१२ जानेवारी २०२५

प्रकाशन चाचांच्या कारखान्यात. पाहुणे नाहीत. प्रत्येकानं दुसऱ्याच्या कथेतलं एक पान वाचायचं. सरांनी काकूंची सासू वाचली, व्हयसकट, आणि अशी वाचली की काकू तोंडाला पदर लावून हसत होत्या. सेहेचाळीस माणसं आली, बरीचशी घरची. ५० रुपये किंमत ठेवली, ६६ प्रती गेल्या. ‘छान’चा डबा त्या दिवशी बंद ठेवला होता.

कुरिअरवाल्या पोराची कथा पुस्तिकेत पहिली आहे. त्याचे वडील दारातच उभे होते, आत या म्हटलं तरी येईनात. त्यांनी तीन प्रती घेतल्या. तीनही विकत.

१५ जानेवारी

काल संक्रांतीला औदुंबरला वीस प्रती पिशवीत घालून गेलो. नऊ खपल्या. माझ्या दुकानात खोकल्याच्या गोळ्यांच्या बरणीशेजारी ठेवल्यात, त्यातल्या आजवर सहा गेल्या. एकानं औषधाच्या बिलात धरून घेतली आणि पुस्तिका आहे हे घरी गेल्यावर कळलं असं सांगत परत आला. पैसे परत मागायला नव्हे, दुसरी कथा कुणाची ते विचारायला.

हिशेब. पहिली बैठक २,५००. पुस्तकं अकरा प्रती ३,१५०. अकरा बैठकांचा चहा १,९८०. झेरॉक्स ८४०. छपाई नमुन्यासकट ६,४३०. एकूण खर्च १४,९००. जमा: पहिल्या बैठकीचे ९००, नंतरची वर्गणी ५,६००, ‘छान’चा दंड ३४०, पुस्तिका ८१ प्रतींचे ४,०५०. एकूण १०,८९०. तूट ४,०१०, त्यातले १,६०० फ्लेक्स आणि शालीच्या दिवशीचे. आठ लेखकांना दोन-दोन प्रती दिल्या, पाच वाचनालयांना पाठवल्या. शिल्लक ४८. लिलाव अजून व्हायचाय.

दंडात सर्वाधिक भर काकांची, एकट्याचे १२०.

पुढची बैठक ९ फेब्रुवारीला. कॅलेंडर बघितलं, काही नाही त्या दिवशी. कथा काकूंची, दुसरी. मजकूर अजून आलेला नाही, सकाळी विचारलं तर म्हणाल्या, लग्नसराई आहे, ब्लाऊज आधी.